जाहीर झालेलं नाव आईच्या तोंडी बसेना: एक प्रकरण अभ्यास

बाळंतपणानंतरच्या समुपदेशनात नावाचा विषय वरचेवर निघतो, पण तो क्वचितच सरळ निघतो. झोप होत नाही, दूध पुरत नाही, सासरी पटत नाही असं काहीबाही सांगता सांगता आई मध्येच म्हणते, "आणि नावाचंही जरा…" आणि वाक्य तिथेच सोडून देते. ते अर्धं वाक्य पुरं होऊ द्यावं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. आईवडिलांची नावं बदलली आहेत. बाळाच्या नावांच्या जागी त्याच धाटणीची दुसरी नावं घेतली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पार्श्वभूमी

नेहा आणि समीर यांचं हे पहिलं मूल. मुलगा झाला तर काय नाव ठेवायचं ते आधीच पक्कं होतं. मुलीच्या नावावर मात्र एकमत होत नव्हतं. समीरच्या मनात एकच नाव होतं, मृण्मयी. कॉलेजात असल्यापासून त्याला ते आवडायचं. नेहाच्या वहीत सहा-सात नावं होती. रेवा सगळ्यात वर, खाली जुई, मुक्ता आणि आणखी काही. मृण्मयी तिनं स्वतःच्या हातानं यादीत लिहिलं होतं, पण पुढे प्रश्नचिन्ह काढून. शेवटी दोघांचं ठरलं की मुलगी झालीच, तर तिला बघून नाव ठरवू.

बाळंतपण सरळ झालं नाही. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून तातडीनं सिझेरियन करावं लागलं. त्यानंतर नेहाला खूप रक्तस्राव झाला आणि तिला दोन दिवस अतिदक्षता विभागात ठेवलं. बाळ सुखरूप होतं. समीर एका मजल्यावर बाळापाशी, मग दुसऱ्या मजल्यावर नेहाच्या दाराशी, असा फेऱ्या मारत होता. घरच्यांचे फोन थांबत नव्हते. नेहा कशी आहे, या प्रश्नाला त्याच्याकडे नीट उत्तर नव्हतं. बाळाचं नाव काय, याला होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आमची मृण्मयी."

नेहाला हे कळलं ते जाऊबाईंकडून. त्या भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "काय मृण्मयीची आई, कसं वाटतंय?" नेहा हसली. नंतर ती मला म्हणाली, "मला वाटलं, गुंगीत मीच हो म्हटलं असेन."

ती तेव्हा काही बोलली नाही, याचं मला नवल वाटत नाही. समीर बाळाला त्या नावानं हाक मारायचा तेव्हा त्याचे डोळे भरून यायचे. घरात सगळ्यांच्या तोंडी ते नाव बसलं होतं. सासूबाईंनी दुपट्याच्या कोपऱ्यावर गुलाबी दोऱ्यानं ते भरूनही टाकलं होतं. अशा वेळी "मला हे नाव नको" म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या आनंदावर पाणी ओतणं, असं तिला वाटलं. शिवाय तिला टाके होते, ताप होता आणि दर दोन तासांनी बाळाला पाजायचं होतं.

अडचण कशी समोर आली

सहा आठवड्यांच्या लशीच्या वेळी नर्सबाईंनी बाळाचं नाव विचारलं. नेहानं आडनाव सांगितलं. पुन्हा विचारल्यावर ती म्हणाली, "आत्ता पेन्सिलीनं लिहा." नर्सबाईंनी कार्डावर पेन्सिलीनं 'मृण्मयी' लिहिलं आणि बाजूला घेऊन चौकशी केली. ती बाई अनुभवी होती. तिनंच नेहाला माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत नेहाचं वाक्य असं होतं: "नाव चांगलंच आहे हो ताई. माझ्या तोंडात येत नाही, एवढंच." घरी ती मुलीला बाळ, पिल्लू, नाहीतर नुसतं 'ही' म्हणायची. रात्री पाजताना दुसऱ्या हातात मोबाईल धरून नावांच्या याद्या चाळायची आणि समीर जागा झाला की स्क्रीन बंद करायची. समीरच्या एवढंच लक्षात आलं होतं की ती नाव घेत नाही. अशक्तपणामुळे ती अबोल झाली असावी, अशी त्याची समजूत होती.

नावाबद्दलच्या काही तक्रारी सरळ होत्या. कोणी मृण्मयी लिहायचं, कोणी मृन्मयी. इंग्रजीत तर प्रत्येक नातेवाईक वेगळं स्पेलिंग करायचा. जोडाक्षर टाळायला बऱ्याच जणांनी 'मिनू' सुरू केलं होतं आणि ते नेहाला मुळीच आवडत नव्हतं. पण निव्वळ स्पेलिंगसाठी कोणी रात्र रात्र जागत नाही. मला तीन गोष्टी वेगवेगळ्या करून बघायच्या होत्या: तिची मनःस्थिती, नाव ठरलं त्या पद्धतीचा सल आणि प्रत्यक्ष ते नाव.

आधी मनःस्थिती

हा क्रम मी मोडू देत नाही. अवघड बाळंतपणानंतर आई एखाद्या एकाच गोष्टीवर अडून बसली असेल, तर त्यामागे नैराश्य आहे का हे आधी बघावं लागतं. त्यासाठी एडिंबरा प्रश्नावली वापरली. ही १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. यात दहा प्रश्न असतात, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं ते विचारतात आणि गुण ० ते ३० मध्ये पडतात. १३ किंवा त्याहून जास्त गुण आले तर नैराश्याची शक्यता बरीच धरतात, पण १० च्या पुढेही दुर्लक्ष करायचं नसतं. नेहाचे १२ आले. स्वतःला इजा करण्याबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला शून्य होतं. तो प्रश्न एकूण बेरजेत बुडू न देता वेगळा पाहावाच लागतो.

तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी लगेच औषध दिलं नाही. नियमित भेटी ठरवल्या आणि रात्रीची सलग चार-पाच तास झोप कशी मिळेल याची घरच्यांबरोबर आखणी केली. मधली एक पाजण्याची वेळ, काढून ठेवलेल्या दुधावर, समीरनं सांभाळायची, असं ठरलं. नावाचा निर्णय तोवर बाजूला ठेवला. तो कायमचा बाजूला पडू नये म्हणून पुढची तारीख त्याच बैठकीत घेतली. "तुझी तब्येत सुधारली की नावही आवडेल" असं तिला कोणीही म्हणायचं नाही, हेही समीरला स्पष्ट सांगितलं. मन थकलेलं असलं म्हणून आवडनिवड खोटी ठरत नाही.

दोन प्रश्न वेगळे केले तेव्हा

पुढच्या भेटीत मी नेहाला विचारलं, "समजा तुम्ही दोघांनी बाळाला समोर घेऊन, एकत्र बसून हेच नाव ठरवलं असतं, तर चाललं असतं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माहीत नाही. मला विचारलंच नाही ना."

मला या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच वाटते. नावाबद्दलचा पस्तावा म्हणून जे सांगितलं जातं त्यात बहुतेक वेळा दोन गाठी असतात. एक त्या शब्दाची, दुसरी तो शब्द ठरताना कोण हजर होतं आणि कोण नव्हतं याची. दुसरी गाठ न सोडवता नाव बदललं, तर नव्या नावाच्या वेळी तीच कुरबूर पुन्हा होते, फक्त माणसं अदलाबदल होतात.

समीरशी स्वतंत्र बोलले. सुरुवातीला तो चिडलेला होता. "यादीत होतंच की ते नाव. मी काय परकं नाव ठेवलं?" थोड्या वेळानं त्याचा सूर बदलला. "डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. ही वाचेल की नाही तेच कळत नव्हतं. बाळाला नाव दिलं तेव्हा वाटलं, निदान एक गोष्ट तरी पक्की झाली." त्या दोन दिवसांबद्दल त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. बाळबाळंतीण सुखरूप घरी आल्यावर तो विषय मागे पडला होता.

हेच त्यानं नेहासमोर सांगावं असं मी सुचवलं. संयुक्त बैठकीत त्यानं ते सांगितलं. "मी थांबायला हवं होतं" असंही म्हणाला. नेहा खूप रडली. तो तिच्या दाराबाहेर एवढा घाबरून उभा होता, याची तिला कल्पनाच नव्हती. अनेक जोडप्यांत प्रश्न इथेच मिटतो. एकमेकांचं ऐकून घेतलं की आधीचं नाव चालू लागतं. इथे तसं झालं नाही. समीरवरचा नेहाचा राग ओसरला, झोप सुधारली, ती मोकळं बोलू लागली. नाव मात्र तरीही तिला नको होतं. आता ती ते न रडता, शांतपणे सांगू शकत होती.

कोणते पर्याय होते

तेच नाव ठेवून काही महिने वाट पाहणं, हा पहिला. समीरच्या घरच्यांना हा मनापासून पटला असता. नवं नाव सवयीनं आवडू लागतं, हे खरंही आहे. पण नेहा ते नाव उच्चारतच नव्हती, मग सवय लागणार कशी?

कागदावर मृण्मयी आणि घरात दुसरं, हा दुसरा पर्याय. आपल्याकडे दोन-दोन नावांची माणसं भरपूर, म्हणून तो सोपा वाटतो. नेहानं तो एका वाक्यात नाकारला: "शाळेत हजेरी कोणत्या नावानं घेतील?" समीरलाही तो अर्धवट वाटला. दोन्ही नावं जोडून लिहिण्याची कल्पना निघाली आणि आडनावासकट कागदावर लिहून बघताच दोघांनीच ती सोडून दिली.

उरलं नाव बदलणं. इथे कायद्याची बाजू बघणं भाग होतं. भारतात जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ प्रमाणे नावाशिवाय झालेल्या नोंदणीत नाव नंतर घालता येतं. पहिल्या १२ महिन्यांत विलंब शुल्क लागत नाही. त्यानंतरही नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून ते घालता येतं. मात्र एकदा नाव चढलं की मामला वेगळा होतो. कलम १५ आहे ते चुकीची नोंद दुरुस्त करण्यासाठी. मन बदललं, ही चूक धरली जाईलच असं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे त्यावरचं नाव विचार करूनच घालायला हवं. इतर देशांतही अशा सवलती आहेत. इंग्लंडमध्ये नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत जन्मनोंदीत नवं नाव घालता येतं. इतक्या आईवडिलांना दुसरा विचार करावासा वाटतो की कायद्यानंही त्याला जागा ठेवली आहे, हे ऐकून नेहाचा चेहरा निवळला होता.

समीरनं फॉर्म भरताना नावाची जागा रिकामी सोडली होती. का सोडली, हे त्यालाही नीट सांगता आलं नाही. "नेहा सही करायला हवी असं वाटलं," एवढंच तो म्हणाला. त्या रिकाम्या जागेमुळे पुढचं सगळं सोपं झालं.

निर्णय कसा घेतला

मुदत ठरवली: चौदा आठवड्यांची लस. तोवर निर्णय एका बाजूला लावायचाच. ही मुदत मनाला येईल तशी घेतली नव्हती. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेचार महिन्यांची बाळं दुसऱ्या नावांपेक्षा स्वतःचं नाव जास्त वेळ लक्ष देऊन ऐकतात, असं दिसलं होतं. त्यानंतर नाव बदललं तर बाळाचं नुकसान होतं, असा याचा अर्थ नाही. लहान मुलं नव्या हाकेलाही सरावतात. पण त्याआधी ठरलं तर सगळ्यांनाच सोपं, आणि अंतिम तारीख नसली की हा विषय वर्षभर भिजत पडतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

मग नावं वापरून पाहिली. एक आठवडा फक्त घरात रेवा, पुढचा आठवडा मुक्ता. नुसतं गोड आवाजात म्हणून बघायचं नाही, असं सांगितलं होतं. दुसऱ्या खोलीतून मोठ्यानं हाक मारायची. आडनावासकट लिहायचं. रागावल्यासारखं म्हणायचं. फोनवर अनोळखी माणसाला सांगायचं आणि त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागतं का ते बघायचं.

रेवा नेहाच्या यादीत पहिलं होतं, म्हणून तेच ठरेल असं सगळ्यांना वाटत होतं. चौथ्या दिवशी तिनंच ते सोडलं. "हे मी फक्त समीरच्या नावासमोर उभं करायला धरून ठेवलं होतं," ती म्हणाली. मुक्ताच्या आठवड्यात बाळाला सर्दी-ताप आला. समीरनं दवाखान्यात फोन लावला आणि म्हणाला, "मुक्ताला सकाळपासून ताप आहे." फोन ठेवल्यावर नेहानं त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्या रात्री दोघांनी ठरवलं. लशीच्या कार्डावरचं पेन्सिलीचं नाव खोडून नेहानं पेनानं नवं लिहिलं.

लोकांना सांगणं

मला विचाराल तर नाव ठरवण्यापेक्षा हे काम नाजूक होतं. समीरच्या घरच्यांशी समीरनं बोलायचं, नेहावर ते येऊ द्यायचं नाही, हे आधीच ठरवलं. बदलाचं खापर सुनेवर फुटणार, हे उघड होतं. त्यानं आईला सांगितलं, "नाव मी एकट्यानं, घाईत कळवलं होतं. हे आम्ही दोघांनी ठेवलं आहे." ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या: "बाळाचं नाव आम्ही दोघांनी मिळून मुक्ता ठेवलं आहे. आधीचं नाव घाईत कळवलं गेलं होतं, यापुढे हेच वापरावं." कारणमीमांसा केली नाही आणि कुणाचं मतही मागितलं नाही. लांबलचक खुलासा दिला की लोक त्यातल्या एकेका कारणाला उत्तर देत बसतात.

तरी "आधीचंच छान होतं" असे दोन-तीन निरोप आलेच. त्यांना समीरनं उत्तर दिलं. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "दुपट्याचं काय करू?" नेहा म्हणाली, "वापरूया की, आई. तुम्ही केलंय ना ते." ते दुपटं पुढे रोज वापरात होतं.

निष्पत्ती

बाळ वर्षाचं होईपर्यंत मी अधूनमधून या कुटुंबाच्या संपर्कात होते. सहाव्या महिन्यात नेहाचे प्रश्नावलीवरचे गुण पाचावर आले होते. त्याचं श्रेय नावाला एकट्याला देता येणार नाही. झोप, उपचार, समीरशी झालेलं बोलणं आणि सरलेला काळ, सगळ्यांचाच वाटा आहे. जन्मदाखल्यावर मुदतीच्या आत मुक्ता हे नाव चढलं. विमा कंपनीकडे मात्र समीरनं पहिल्याच आठवड्यात मृण्मयी कळवलं होतं. ते बदलून घ्यायला दाखल्याची प्रत आणि बरेच फोन लागले.

सासूबाई अजूनही कधीकधी मृण्मयी म्हणतात. नेहाला त्याचं आता फारसं वाटत नाही, पण पाहुण्यांसमोर म्हटलं की टोचतं. समीरला ते नाव आजही आवडतं आणि त्यानं ते लपवलेलं नाही. "मुक्ता माझीही निवड आहे, पण ते नाव सोडताना वाईट वाटलं," असं तो म्हणाला. नेहानं त्यावर वाद घातला नाही. या प्रकरणात समीरचंही काही हरवलं आहे आणि त्याची नोंद इथे व्हायलाच हवी.

वेगळं काय करता आलं असतं

बाळंतपणाच्या तयारीत पिशवीत काय भरायचं याची यादी असते, पण दोघांपैकी एक जण बोलण्याच्या स्थितीत नसेल तर काय काय थांबवून ठेवायचं, हे कोणी ठरवत नाही. "नाव अजून ठरलं नाही" हे पूर्ण उत्तर आहे. समीरला ते त्या दिवशी आठवलं असतं, किंवा जवळच्या कुणी फोन स्वतःकडे घेऊन त्याच्या वतीनं सांगितलं असतं, तर इथवर वेळ आली नसती. रुग्णालयात आईला अतिदक्षता विभागात ठेवतात तेव्हा बाहेर थांबलेल्या नवऱ्याशी थोडा वेळ बोलायला कोणी असतं, तरीही बराच फरक पडला असता.

नेहानं लवकर बोलायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे. ती कुणाशी बोलणार होती? जाऊबाईंनी हाक मारली त्या क्षणी विरोध करणं तिच्याकडून अपेक्षित नव्हतंच. घरी आल्यावर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात समीरला एकट्याला गाठून "मला यावर अजून बोलायचं आहे" एवढं म्हणता आलं असतं, तर दुपट्यावर भरतकाम होण्याआधी विषय निघाला असता.

एका निर्णयाबद्दल माझ्या मनात अजून प्रश्न आहे. दोन पर्यायी नावांना एकेक आठवडा मिळाला, मृण्मयीला मिळाला नाही. दोघांचं मोकळं बोलणं झाल्यावर तेही नाव नव्यानं आठवडाभर वापरून पाहावं, असं मी सुचवलं होतं. नेहानं नकार दिला आणि समीरनं आग्रह धरला नाही. तिच्या नकाराचा मान राखणं योग्यच होतं, कारण तिला एकदा विचारलं गेलं नव्हतं, त्यावरूनच हे सगळं उभं राहिलं होतं. पण तो आठवडा झाला असता तर समीरच्या मनात 'माझ्या नावाला संधीच मिळाली नाही' ही भावना उरली नसती. पुढच्या वेळी मी हा आठवडा शेवटी ठेवणार नाही. तिन्ही नावांचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी दोघांसमोर मांडेन.

सासूबाईंना ग्रुपवरच्या निरोपाच्या दिवशीच सकाळी सांगितलं गेलं. मध्ये तीन-चार दिवस द्यायला हवे होते. त्यांना दुःख करायला एकांत मिळाला नाही. बाकीच्यांचे फोन त्यांनाच आले आणि उत्तरं देताना त्या अवघडून गेल्या.

हेच प्रकरण मूल दोन-तीन वर्षांचं असताना आलं असतं, तर मी निराळी वाट धरली असती. तेव्हा मूल स्वतःचं नाव सांगत असतं आणि बदलाआधी त्याच्याशीही बोलावं लागतं. जन्मदाखल्यावर नाव चढलेलं असतं, तर आधी निबंधक कार्यालयात काय शक्य आहे ते विचारून मगच घरात नव्या नावाची चर्चा सुरू करायला सांगितलं असतं.

एक गोष्ट दोघांमध्ये अजून ठरायची आहे. मुक्ताला हे सगळं कधी सांगायचं? समीरला वाटतं, ती विचारेल तेव्हा, कारण दुपटं आणि जुने फोटो घरातच आहेत. नेहाला ते आधीच, अगदी लहानपणापासून सांगायचं आहे. आजीच्या तोंडून अर्धवट ऐकण्यापेक्षा तिनं ते आईकडून ऐकावं, असं तिचं म्हणणं आहे. मी नेहाच्या बाजूची आहे, आणि तसं मी दोघांनाही सांगितलं आहे.